मुडावदला निघालेला बॅकअप

माझ्या धंद्यात सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा मला कोणी ओळखत नाही. जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तरी "कुठंतरी बघितलंय तुम्हाला" असं म्हणून पुढं जातं. पण एखाद्या सकाळी कॉम्प्युटर सुरू होऊ नये, की त्याच माणसाला माझा नंबर, माझी गल्ली आणि माझ्या बायकोचं माहेर, सगळं एका दमात आठवतं. जळगावात राहून तीस वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर सांभाळले आणि त्यातलीही बरीच वर्षं एकाच कामात गेली. ते काम म्हणजे रात्रीचा बॅकअप.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभरात दुकानात, डाळमिलमध्ये, दवाखान्यात जे काही कॉम्प्युटरमध्ये भरलं जातं त्याची एक नक्कल रोज दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायची. घराची दुसरी किल्ली शेजारी ठेवतो तसं. नक्कल निघत असताना कॉम्प्युटर मंदावतो, म्हणून हे काम सगळे घरी गेल्यावर त्याचं त्यानंच करायचं असतं. आपण फक्त वेळ लावून द्यायची. सकाळी पडद्यावर एक चिठ्ठी आलेली असते, एवढ्या फाइली उतरवल्या, एवढ्या वगळल्या. ती चिठ्ठी वाचायची आणि गडबड दिसली तर निस्तरायची, हे माझं काम. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की मी आणखीही काहीतरी करत असेन, अशी आशा माझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

माणूस नसताना चालणाऱ्या कामाचं दुखणं असं की ते बिघडतं तेव्हाही तिथं माणूस नसतो. मग सकाळी जाऊन एकेकाला पोलिसासारखं विचारत बसायचं. जळगावच्या एका सराफांनी मी दिलेली डिस्क इतकी मोलाची मानली की आल्या दिवसापासून ती तिजोरीत ठेवून दिली. कॉम्प्युटर रोज रात्री डिस्क शोधायचा आणि डिस्क पाटल्यांशेजारी झोपलेली असायची. चाळीसगावच्या एका डॉक्टरांनी डिस्कचे पैसे वाचवले आणि नक्कल त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवायला लावली. मूळ गेलं तेव्हा नक्कलही सोबत गेली. डॉक्टरसाहेब मलाच म्हणाले, "तुम्ही ठामपणे सांगायला हवं होतं." मी तीनदा सांगितलं होतं. पण पेशंटनं औषध घेतलं नाही तर दोष कुणाचा, हे डॉक्टरांना कोण विचारणार?

या सगळ्यांच्या गोष्टी सांगताना मी हसतो. धुळ्याच्या मंगल कार्यालयाची सांगताना मात्र हसू मधेच थांबतं, कारण तिथं चूक माझी होती.

कार्यालय म्हणजे एक नव्हे, तीन. तिन्ही एकाच घरची. शिवाय मंडप, भांडी, खुर्च्या, आचारी, रोषणाई सगळं त्यांचंच. मालक आबा, पंचाहत्तरीचे, पांढरी टोपी, आवाज लाउडस्पीकरची गरज नसलेला. व्यवहार त्यांचा मुलगा प्रकाशभाऊ बघायचा. आणि ऑफिसात सुनीताताई. चाळिशीच्या, शांत, बारा वर्षं तिथंच नोकरीला. कोणती तारीख कोणाला दिली, पंगत किती पानांची, वरण-बट्टी की पुरी-भाजी, नवरदेवाकडचे किती खोल्या मागतात, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. त्याआधी हे सगळं आबांच्या एका लांबलचक लाल वहीत असायचं. "आबा, ती वही आता बंद करा, सगळं यात आहे," असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आबांनी वही बंद केली. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिल्याच महिन्यात तिथला बॅकअप होईना. सकाळी चिठ्ठीच नाही. वायर बघितली, डिस्क बदलून बघितली, काही दोष सापडेना. शेवटी एका संध्याकाळी मी ऑफिसात बसूनच राहिलो. साडेआठला आबा आले, देवाला दिवा लावला, हात जोडले आणि भिंतीवरचं एकेक बटण बंद करत शेवटी मेन स्विच खाली ओढला. कॉम्प्युटर, डिस्क, मी, सगळे अंधारात.

मी समजावून सांगितलं. रात्री मशीनला काम असतं, वीज लागते.

"भाऊ," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "कोन्ही नही तठे मशीन काय करी राहिनं, ते मले कसं समजी? आनी रातभर लाइट चालू ठेवावर बिल कोन भरी?"

मी त्या मेन स्विचवर पाटी लावली, "हे बटण बंद करू नये." आबांनी पाटी वाचली आणि बटण बंद केलं. मी लाल रंगात मोठी पाटी लावली. आबांनी तीही वाचली आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला अनेक वर्षं भारी अभिमान होता. मी देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं. त्या बटणाला, प्लगला आणि डिस्कच्या काळ्या डबीला एकेक बोट लावलं आणि डबीवर झेंडूचं एक फूल ठेवलं. बोललो काहीच नाही.

त्या दिवसापासून त्या बटणाला कोणी हात लावला नाही. आबा बाकीची बटणं बंद करत येत, तिथं थांबत, नमस्कार करत आणि पुढं जात. झाडूवाली बाई डबीच्या भोवतीनं झाडायची, डबी हलवायची नाही. आबांच्या पत्नी, म्हणजे अक्का, शेजारच्या घरातून रोज सकाळी येऊन ताजं फूल ठेवू लागल्या. सुनीताताई संध्याकाळी मी शिकवल्याप्रमाणे बुकिंगचा प्रोग्राम बंद करून घरी जायच्या, रात्री नक्कल निघायची, सकाळी चिठ्ठी यायची. त्या चिठ्ठीचा फोटो काढून त्या मला मोबाइलवर पाठवायच्या. मी इकडून अंगठा पाठवायचो. जळगाव ते धुळे माझी एसटी वाचली. मी मित्रांना सांगत सुटलो, की कॉम्प्युटर सांभाळायला इंजिनिअर लागतोच असं नाही, कुंकवाचा करंडाही पुरतो.

अशी काही वर्षं गेली आणि एक दसरा आला. त्या वर्षी पहिल्यांदाच अवजारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली. हळद-कुंकू, आपट्याची पानं, नारळ, सगळं यथासांग. त्यानंतर दोनच दिवसांनी मी तिथं गेलो होतो. डिस्क टकटक आवाज करत होती. वयाची लक्षणं. मी नवी डिस्क जोडली, तिलाही कुंकू लावलं, कारण आता ती पद्धतच पडली होती. जुनी अक्कांच्या हातात देऊन म्हणालो, "आता हिचा उपयोग नाही. द्या फेकून." अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दलच बोललो होतो. ती डबी त्यांनी पदराखाली घेतली.

दसऱ्यापासून आणखी एक गोष्ट बदलली होती, ती मात्र मला कोणी सांगितली नाही. पूजेच्या संध्याकाळी सुनीताताई प्रोग्राम बंद करायला लागल्या तर आबांनी हात धरला. "पूजा व्हयनी ना आते? समई फुकीसन मालवतस का आपुन? राहू द्या चालू." तेव्हापासून त्या नुसता पडदा बंद करायच्या. आत बुकिंगची फाइल रात्रभर उघडीच. आणि उघडी फाइल आमचा बॅकअप घेत नाही. ती वगळतो आणि पुढं जातो. तसं तो चिठ्ठीत इमानदारीत लिहितोही. रोज सकाळी माझ्या मोबाइलवर फोटो येत होता, "उतरवल्या चार हजार एकशे अकरा, वगळल्या एक." मी वरचा आकडा बघत होतो आणि अंगठा पाठवत होतो. चार हजारांत एखादी राहिली तर काय मोठंसं, असं मनात आलंही असेल. ती एक फाइल म्हणजेच तिन्ही कार्यालयांचं सगळं बुकिंग होतं. बाकीच्या चार हजार एकशे अकरा म्हणजे नमुन्याच्या लग्नपत्रिका आणि आचाऱ्याचे फोटो.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नापासून मुहूर्त सुरू होणार, म्हणून एकादशीच्या आदल्या संध्याकाळी प्रकाशभाऊंनी तिन्ही कार्यालयांची रोषणाई एकदम लावून तपासली. दिवे फडफडले, गेले, आले, पुन्हा गेले. सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. सुनीताताईंचा फोन आला तेव्हा मी जळगावात दाढी करत होतो. "बॅकअप आहे ना, मग काळजी कशाची?" असं मी फेस लावल्या तोंडानं म्हणालो आणि पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी गाडी पकडली.

पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी कॉम्प्युटर उघडून बघितला. मूळ डिस्क मेलेली. पुण्याला पाठवली तर पंधरा दिवस, तेही मिळेल याची खात्री नाही. नवी बॅकअपची डिस्क उघडली तर त्यात पत्रिका होत्या, आचारी होता, गुलाबजामाच्या कढईशेजारी हसत उभा. बुकिंग नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लग्नं. कोणत्या कार्यालयात कोण येणार, किती पानं, कोणत्या वेळेला हळद, काही माहीत नाही. पावत्या गिऱ्हाइकांकडे. गिऱ्हाइकांना फोन करावा तर त्यांचे नंबरही त्याच फाइलीत. बाहेर आचारी विचारत होता, "बट्ट्या किती टाकू?" आणि त्याला उत्तर द्यायला कोणी तयार नव्हतं. आबांनी कपाटातून ती लाल वही काढली, उघडली, मागची कोरी पानं मला दाखवली आणि पुन्हा मिटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रकाशभाऊ मात्र बोलले, आणि ते सुनीताताईंना. "रोज सकाळी तुम्ही झालं झालं म्हणायच्या. काय झालं होतं? एवढं एक काम होतं तुमच्याकडे. संध्याकाळपर्यंत लिस्ट मिळाली नाही तर उद्यापासून येऊ नका."

सुनीताताईंनी मान वर केली नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात मोबाइल होता, त्यात रोजचे फोटो होते, आणि प्रत्येक फोटोखाली माझा अंगठा होता. त्यांनी तो मोबाइल भाऊंच्या पुढं धरला असता तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला. आणि मी, इतकी वर्षं या धंद्यात असलेला माणूस, खाली वाकून एक वायर तपासू लागलो. त्या वायरीला काहीही झालेलं नव्हतं. त्या दोन मिनिटांची मला आजही लाज वाटते.

मी टेबलाखालीच होतो तेव्हा सुनीताताई हळूच म्हणाल्या, "सर, ती जुनी डिस्क? दसऱ्यापर्यंत तर मी प्रोग्राम बंद करत होते."

माझं डोकं टेबलाला आपटलं. खरंच की! जुन्या डिस्कवर दसऱ्यापर्यंतचं सगळं बुकिंग असणार. तुळशीनंतरच्या तारखा लोक उन्हाळ्यातच धरून ठेवतात. आम्ही दोघं पळत शेजारच्या घरी गेलो. सूनबाई अंगणात रांगोळी काढत होत्या.

"जुनी काळी डबी? ती तर देवघरखाले व्हती," त्या म्हणाल्या. "अक्का सकायलेच मुडावदले गयात, एकादशीनी अंघोयले. जुन्या तसबिरी, नारय, फाटेल पोथी, बठ्ठं लई गयात बोयवाले."

हे परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पूजेत आलेली वस्तू आमच्याकडे कचऱ्यात टाकत नाहीत. भंगली, फाटली, जुनी झाली तरी देवघराखाली ठेवतात आणि नदीला जायचा योग आला की पाण्यात सोडतात. धुळ्यातून पांझरा वाहते, पण शहरात पांझरेत काय काय सोडतात ते अक्कांना माहीत होतं. त्यामुळे त्यांनी सगळं जपून ठेवलं होतं ते मुडावदसाठी. तिथं पांझरा तापीला मिळते, पाणी भरपूर, आणि डिस्कला पोहता येत नाही.

अक्कांना फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला. सोबतच्या बायकांपैकी एकीचा नंबर मिळाला. तिनं उचलला, पण गाडीत भजन इतकं रंगलं होतं की "डबी सोडू नका" एवढं मी ओरडून सांगितल्यावर तिकडून "हो, हो, तुमच्याही नावाची डुबकी मारतो" असं उत्तर आलं.

प्रकाशभाऊंची गाडी आहेराचं सामान आणायला गेलेली. दारात उभा होता तो फक्त भांड्यांचा टेम्पो. ड्रायव्हर, मधे मी, खिडकीशी सुनीताताई आणि मागं सहा पातेली, दोन कढया आणि शे-दीडशे ताटं. उतरवायला वेळ नव्हता. त्या टेम्पोच्या आवाजानं रस्त्यावरची माणसं आधीच बाजूला होत होती. एका गावात तर लोकांनी वरात समजून वाकून आत नवरदेव शोधला आणि मला बघून त्यांची निराशा झाली.

वाटेत सुनीताताई म्हणाल्या, "सर, रोज एक राहतेय असं मला दिसत होतं. पण तुमचा अंगठा यायचा. मला वाटलं, तुम्ही बघताय म्हणजे ठीक असेल."

"मी बघत नव्हतो," मी म्हणालो.

"रोज पाठवत होते मी. तापात होते तेव्हासुद्धा येऊन फोटो काढून गेले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मागं कढया आदळत होत्या. तिथं मी मनाशी ठरवलं, की डिस्क मिळो न मिळो, परत गेल्यावर तोंड उघडायचं. ठरवणं सोपं होतं, टेम्पोत प्रकाशभाऊ नव्हते.

संगमावर गर्दी होती. ओल्या साड्या, फुलं, नारळवाले, चहाची टपरी. आम्ही अक्कांना शोधत घाटावरून धावत होतो आणि सुनीताताईंना त्या आधी दिसल्या. गुडघाभर पाण्यात अक्का उभ्या, हातात लाल फडक्यातलं गाठोडं, समोर एक गुरुजी आणि बाजूला सात-आठ बायका. सगळ्यांची जोरात चर्चा चाललेली. नारळ गेले होते, तसबिरी गेल्या होत्या, पोथी गेली होती. राहिली होती फक्त आमची डबी, आणि ती अडली होती गुरुजींच्या एका प्रश्नावर.

"अहो पण आजी, ही देवता कोणती? नाव कळल्याशिवाय निरोपाचा मंत्र कोणता म्हणू मी?"

"बॅकअपनी शे," अक्का ठामपणे सांगत होत्या. "कार्यालय सांभाये ती."

"म्हणजे देवी का?" एका बाईनं विचारलं.

"रातले जागस, म्हणजे देवीच ना," दुसरी म्हणाली.

"मंग ओटी भराले पाहिजे व्हती," तिसरीनं शंका काढली, आणि नेमकं तिथं मी बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरलो.

"अक्का, थांबा! सोडू नका! ती डिस्क पाहिजे!"

अक्कांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्हीच सांगं व्हतं ना, फेकी द्या म्हणीसन?"

"चुकलो, अक्का."

"आम्ही फेकतस नही. देवना अंगवरनी वस्तू कोन्ही कचरामा फेकस का? तुम्हीच तिले कुंकू लावं, आनी तुम्हीच फेकाले निंघनात."

सुनीताताई पुढं झाल्या, अक्कांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. नोकरीचं बोलल्या असाव्यात, कारण अक्कांचा चेहरा बदलला. पण नदीवर आणलेली वस्तू रिकाम्या हातानं परत न्यायची नाही, यावर त्या अडून राहिल्या. मग मी नारळ आणला, तापीत सोडला, गुरुजींनी मंत्र म्हटला, आणि माझ्या माहितीत दुनियेतली पहिली हार्ड डिस्क संगमावरून यथाविधी परत आली. परतीच्या वाटेवर अक्का टेम्पोत पुढं बसल्या, डबी मांडीवर घेऊन. मी मागं पातेल्यांत.

ऑफिसात डिस्क जोडली. तिनं टकटक केली आणि गप्प झाली. पुन्हा जोडली, पुन्हा टकटक. प्रकाशभाऊ माझ्या मानेवर श्वास सोडत होते. आबा खुर्चीत डोळे मिटून बसलेले. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा अक्कांनी मला बाजूला केलं आणि डबीवर हात ठेवून म्हणाल्या, "माय, एवढं एक डाव." आता कोणी काही म्हणो. मी वायर थोडी तिरपी धरली होती, त्यामुळे झालं असेल, किंवा ती डबी प्रवासात थंड झाली असेल. डिस्क उघडली. बुकिंगची फाइल समोर दिसली आणि मी तिची घाईघाईनं दोन ठिकाणी नक्कल काढली.

दसऱ्यानंतरच्या तारखा तेवढ्या राहिल्या. त्या सुनीताताईंनी एका बैठकीत तोंडपाठ सांगितल्या. प्रत्येक पार्टीनं कशावरून हुज्जत घातली ते त्यांच्या लक्षात होतं. "बोराडीवाले, स्टेज लहान म्हणून भांडले, तीनशे पानं. सोनगीरवाले, नवरीच्या मामांना वेगळी खोली पाहिजे, पाचशे पानं." संध्याकाळी साडेपाचला आचाऱ्याला बट्ट्यांचा आकडा मिळाला.

"वाचल्या तुम्ही, ताई," प्रकाशभाऊ हसत सुनीताताईंना म्हणाले. "पण इथून पुढं लक्ष ठेवत जा."

चहा आला होता. सगळे खुशीत होते. मी गप्प बसलो असतो तर कोणालाच काही कळलं नसतं, आणि सुनीताताईंनी जन्मात सांगितलं नसतं. मी कप खाली ठेवला आणि माझा मोबाइल आबांच्या पुढं धरून प्रकाशभाऊंना म्हणालो, "यांनी लक्ष ठेवलं होतं, भाऊ. हे बघा. रोज फोटो पाठवलाय, रोज त्यात एक फाइल राहिल्याचं लिहिलंय, आणि रोज मी न वाचता अंगठा दिलाय. सकाळी तुम्ही यांना बोललात तेव्हाही मी गप्प बसलो. चूक माझी आहे."

प्रकाशभाऊंचा चेहरा पडला. आबांनी चष्मा लावला. एकेक फोटो बोटानं सरकवत बघितला, खालचा अंगठा बघितला, पुढचा बघितला. बराच वेळ लागला त्यांना. मग चष्मा काढून त्यांनी मुलाला विचारलं, "मंग पक्या, उद्यापासून कोन यावानं नही?"



"मी," मी म्हणालो.

आबांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "येत जा. पन वाचीसन येत जा." आणि मुलाकडे वळून म्हणाले, "ताईनी माफी माग." प्रकाशभाऊंनी माफी मागितली, तीही हात जोडून, आचाऱ्यासमोर. सुनीताताई तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

आता त्या कार्यालयात नवी व्यवस्था आहे. प्रोग्राम रात्री आपोआप बंद होतो, आबांना ते अजून माहीत नाही. डिस्क दोन आहेत, एक ऑफिसात आणि एक अक्कांच्या देवघरात, आणि दर सोमवारी त्यांची अदलाबदल होते. दर महिन्याला नक्कल उघडून बघायची, निव्वळ चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि सुनीताताईंनाही सांगितला. मुडावदहून आलेली डबी पुन्हा कधी चालली नाही. ती देव्हाऱ्यात आहे, तिला विसर्जनाची परवानगी नाही.

मी धंदा बंद केला त्याला आता काही काळ झाला. बाकी गिऱ्हाइकं मुलाच्या मित्राकडे दिली, धुळ्याचं तेवढं ठेवलं. सुनीताताईंचा फोटो आजही रोज सकाळी येतो. अंगठा त्या घेत नाहीत. आकडा लिहून पाठवावा लागतो, "वगळल्या शून्य." मग त्यांच्याकडून "ठीक" येतं आणि मी चहा घेतो.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी फोटो आला. मी चष्मा लावून वाचला आणि हातातला कप तिथंच राहिला. वगळल्या एक. मी चप्पल न घालता अंगणात आलो, फोन लावला, आणि ताई, कोणती फाइल, काल रात्री काय झालं, कोणी बटण बंद केलं, एका दमात सगळं विचारलं.

पलीकडून त्या शांतपणे म्हणाल्या, "काही झालं नाही, सर. जुना फोटो आहे, दसऱ्यानंतरचा. महिन्यातून एकदा तपासून बघायचं, असं तुम्हीच सांगितलंय ना? म्हणून बघितलं, तुम्ही अजून वाचता की नाही."